सडक आठचा कडुनिंब

हे मी सहसा कोणाले सांगत नाही. पण तुम्ही चहा पाजून राहिले, अन् बाहेर ऊन असं आहे की तुम्ही काही उठून जाणार नाही, म्हणून सांगतो. असा गोंधळ एखाद्या शिंप्याच्या हातून झाला असता, तं लोक विसरून गेले असते. पण मी पडलो सर्वेवाला. भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये, सर्वे सेक्शनमध्ये होतो. टेप अन् साखळी घेऊन दिवसभर जमीन मोजायची, खुंट्या ठोकायच्या, चुन्याची रेघ मारायची, हेच काम. आज जिथं भट्टी उभी आहे, तिथं पहिल्या खुंट्या ठोकणाऱ्यात मी होतो. भट्टी इंचभर चुकली नाही. हे आत्ताच ऐकून घ्या, कारण यापुढं माही काही अब्रू राहणार नाही.

प्लांट उभा होऊन राहिला होता तेव्हाची गोष्ट. आम्हाले नवीन क्वार्टर मिळालं, सडक सातवर. बारा क्वार्टरची एक ओळ. सगळ्याईले पिवळा रंग, सगळ्याईले हिरवं दार, अन् दारावर नंबर टाकणारा पेंटर अजून यायचा होता. सडक आठ तशीच. नऊही तशीच. झाड म्हणाल तं औषधाले नाही. नुसता लाल मुरूम.

लोक ड्यूटीवरून यायचे अन् दुसऱ्याच्याच घरी जोडे काढायचे. आमच्या ओळीतले तिवारीजी, सडकेवरचे सगळ्यात वडीलधारे. ते एकदा आत गेले, हातपाय धुतले, पाटावर बसले, अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "आज दाल में लहसुन क्यों डाला?" तेव्हा त्याईले समजलं की घर आपलं नाही. त्या घरच्या बाईनं बिचारीनं पाहुणा समजून वाढलं होतं.

त्याच हप्त्यात तिवारीजीनं सगळ्या सडकेले बोलावलं. म्हणाले, सरकारी झाडं येतील तेव्हा येतील, आपण आपली लावू. हर घरानं एक झाड द्यावं अन् आपापल्या दारासमोर सडकेच्या कडेले लावावं. सावली होईल, अन् आपली सडक कोणती हे तरी समजेल.

"मेश्रामबाबू," मले म्हणाले, "आप तो नापनेवाले आदमी हैं. गड्ढे और लाइन आप सँभालिए."

मी मान डोलावली. खरं सांगू? मले तं वाटलं, एवढ्या फालतू कामाले सर्वेवाला कशाले पाहिजे.

आता माह्या झाडाची गोष्ट ऐका, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. माहे सासरे, आम्ही त्याईले मामाजी म्हणतो, रेल्वेत गेटमन. आमगावच्या पुढं त्याईचं फाटक. लग्नाच्या आधी ते भिलाई पाहायले आले होते, अन् आले ते नेमके मे महिन्यात. मैदानात उभे राहून चारी दिशा पाहिल्या अन् मले म्हणाले, "इथं एक झाड नाही. माही पोरगी काय उन्हात बसन?"

मी म्हटलं, "मामाजी, दोन वर्षं द्या. मग पाहा."

दोन वर्षं झाली होती. गवतही उगवलं नव्हतं. अन् सुमन, माही बायको, कधी बोलून दाखवत नसे. पण उन्हाळ्याच्या दुपारी भिंतीची सावली जशी सरकन तशी तिची खाट सरकवत राहायची. ते पाहून मले आपलीच लाज वाटायची.

तं सुमननं बाबाले पत्र टाकलं, अन् पंधरा दिवसांत गार्डाच्या डब्यातून तेलाचा एक डबा आला. डब्यात माती, मातीत वीतभर कडुनिंब. संगं चिठ्ठी. "फाटकावरच्या निंबाचं रोप आहे. पोरीच्या दारात लावा. रिटायर झालो की पह्यले येऊन त्याच्यापाशीच बसतो. जयभीम."

सुमननं ती चिठ्ठी चार वेळा वाचली. डबा तं तिनं महिनाभर कोणाले हात लावू दिला नाही.

पावसाले सुरुवात झाली अन् एका रविवारी झाडं लावायचं ठरलं. बाकीचे लोक कोणी ड्यूटीवर, कोणी दुर्गच्या बाजाराले गेलेले. बाया म्हणाल्या, संध्याकाळी चारले सगळे मिळून पाणी घालू, तोवर तुम्ही लावून ठेवा. सकाळीच सगळ्या घरची बारा रोपं डब्यासकट एका बैलगाडीत चढवली. त्यात जांभूळ होतं, करंज होता, दोन गुलमोहर होते. तिवारीजीचा तं एक बकाण होता, पण तो बकाण आहे हे तेव्हा ना त्याईले माहीत, ना मले. गाडीवान बिसाहू, इथलाच, छत्तीसगडी माणूस. त्याले म्हटलं, "आधी मैदानातून काळी माती भरून घेऊ, मग सडकेवर येऊ."

इथं सगळं फसलं. आम्ही मैदानाकडून वर आलो, म्हणजे रोज बाजाराकडच्या ज्या टोकानं मी घरी येत होतो, त्याच्या उलट्या टोकानं. मग आपली सडक ओळखायची कशी? माही एक खूण होती. आमच्या सडकेच्या तोंडाशी तीन महिन्यांपासून एक रोडरोलर उभा होता. बंद पडलेला. मी रोज त्याले पाहूनच वळायचो. इकडूनही त्याची चिमणी दिसली अन् मी बिसाहूले म्हटलं, "वळव."

आता सर्वेच्या धंद्यात पहिल्या दिवशी काय शिकवतात? बेंचमार्क असा धरा की जो हलत नाही. पुलाचा दगड धरा, देवळाची पायरी धरा. अन् मी धरला रोडरोलर. ज्याले खाली चाकं आहेत. शनिवारी संध्याकाळी, मी घरी आल्यावर, तो दुरुस्त होऊन सडक आठवर जाऊन उभा राहिला होता.

बिसाहूनं विचारलंही, "इही गली आय का बाबू?"

"हव, इहीच," मी म्हणालो. वरून जरा रागावूनच म्हणालो.

मग मी कामाले लागलो. काम मात्र असं केलं की पाहत राहावं. दोरी ताणली, टेप धरला, हर दारासमोर बरोबर मधोमध चुन्याची खूण. खड्डे बिसाहूनं खोदले, रोपं मी लावली. मैदानाकडून मोजत गेलो. आपलं क्वार्टर पाचवं, म्हणून पाचव्या दारासमोर मामाजीचा कडुनिंब स्वतःच्या हातानं बसवला, पायानं माती दाबली, अन् दाराकडे तोंड करून हाक मारली, "सुमन, पाणी आण."

दार उघडलं. एक म्हातारी बंगाली बाई लोटा घेऊन आली.

तुम्ही म्हणाल, आता तरी समजलं असन. नाही समजलं. मले वाटलं, सुमनकडे कोणी पाहुणी आली. मी नमस्कार केला, पाणी प्यालो, उरलेलं झाडाले घातलं. म्हातारी खुश. म्हणाली, "तुमि बहुत भालो काम करता है, बाबा." बाकीच्या दारांतूनही लोक निघाले. एकानं चहा आणला. कोणी बिसाहूच्या बैलाले पोळी खाऊ घातली. मनात म्हटलं, आपल्या सडकेवर एवढी चांगली माणसं आहेत अन् आपण दिवसभर प्लांटमध्ये राहतो, कोणाचा चेहराही ओळखीचा नाही. मले अगदी भरून आलं होतं.

तिथूनच मी बिसाहूसोबत रिकामे डबे अन् गाडी परत द्यायले गेलो, अन् चारले बाजाराकडून, नेहमीच्या रस्त्यानं, मंडळी दिसली तिथं वळून घरी आलो.

सडक सातवर सगळी मंडळी जमली होती. बाया नवीन लुगडी नेसून, हातात पाण्याच्या घागरी घेऊन. तिवारीजी पांढरं धोतर नेसून मधोमध उभे. अन् सडक अशी साफ, जशी सकाळी होती तशी. एक काडी नाही.

"मेश्रामबाबू," तिवारीजी म्हणाले, "पेड़ कहाँ हैं?"

"लावले ना," मी म्हटलं.

"कहाँ?"

मी सडकेकडे पाहिलं. मग सुमनकडे पाहिलं. सुमन माह्याकडे पाहून राहिली होती. मागच्या बाजूनं, सडक आठकडून, कोणाच्यातरी टाळ्यांचा आवाज आला. तिकडे झाडाईले पाणी घालून बत्तासे वाटणं सुरू होतं.

आम्ही सगळे घागरी घेऊन तिकडे गेलो. त्याईनं आम्हालेही बत्तासे दिले. त्याईले वाटलं, आम्ही पाहायले आलो. तिवारीजीनं समजावून सांगितलं की ही झाडं आमची, या माणसाची गलती झाली. तं सडक आठवाले एकमेकाकडे पाहू लागले. त्याईचा म्होरक्या होता आप्पाराव, मशीन शॉपमधला फिटर, चांगला माणूस. तो म्हणाला, "देखो भाई, हम माँगने नहीं गया. आपका आदमी आया, नापा, लगाया, हमारा चाय पिया."

तेवढ्यात ती म्हातारी पुढं आली. त्या पाचव्या घरच्या घोषबाबूची आई. तिनं कडुनिंबाच्या बुडाले कुंकू वाहिलं होतं. म्हणाली, "एक बार माटी में गया, आभी नेही निकलेगा. पाप लागेगा."

मग बत्तासे खाल्ले अन् परत आलो. पुढच्या रविवारी सडक सातनं दुसरी झाडं आणली अन् लावली. मले दोरीलेही हात लावू दिला नाही. अंदाजानंच लावली, वाकडीतिकडी. पण सडक सातवर.

दुसऱ्याईले दुसरी झाडं मिळाली हो. पण मामाजीचा कडुनिंब कुठून आणू? आमच्या दारासमोर तिवारीजीनं एक गुलमोहर लावून दिला. सुमननं त्याले पाणी घातलं, पण मन लावून नाही. ती रडली असती तं बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबाले काय सांगायचं?"

"काही नाही सांगायचं," मी म्हटलं. अन् मामाजीले पत्र लिहून टाकलं, "झाड दारात लावलं आहे, चांगलं तरारलं आहे."

सुमननं वाचलं. "दारात कुठं आहे?"

"होईल," मी म्हटलं.

आता माणसाले एकदा खोटं लिहून झालं की ते खरं करायची घाई होते. झाड दारात येत नाही, तं दार झाडापाशी न्यायचं. प्लांटमध्ये क्वार्टरची अदलाबदली होत होती, दोघं राजी असले की अर्ज करायचा. एका संध्याकाळी सुमनले घेऊन मी सडक आठवर गेलो. बाजाराकडच्या कोपऱ्यावर उभा राहिलो अन् बोट दाखवून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या दारासमोर निंबासारख्या पानांचं रोप.

सुमन म्हणाली, "अजी, ऐका..."

"थांब. मोजून राहिलो."

पुन्हा मोजलं. पाचच. आप्पारावचं दार होतं. तो म्हणाला, "मेरे को क्या, दोनों घर एक जैसा है." अट एकच, मी स्वयंपाकघरात जी लाकडी फळी ठोकली होती ती त्याले पाहिजे.

अर्ज घेऊन मी क्वार्टर ऑफिसच्या साहेबाकडे गेलो. साहेबानं दोन्ही क्वार्टरचे नकाशे काढले. दोन्ही एकसारखे.

"वही टाइप, वही कमरे, वही रंग. बदलना क्यों है?"

झाडासाठी म्हणून सांगायची माही हिंमत झाली नाही. "हवा अच्छी है साहब," मी म्हणालो.

"सत्तर कदम पर?"

"जी साहब."

साहेबानं दोन्ही नकाशे गुंडाळले अन् सही केली.

सामान हलवायच्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. आप्पारावनं गावाहून आणून मागच्या अंगणात लावलेलं कढीपत्त्याचं झाड, कमरेएवढं, मातीच्या गोळ्यासकट काढलं, पोत्यात बांधलं अन् डोक्यावर घेऊन सडक सातवर निघून गेला. तिथं ते जगलंही. झाड असंही नेता येते, हे तेव्हा मले समजलं. पण आमची खाट निम्म्या रस्त्यात होती, अन् अर्जावर शिक्का बसला होता.

असो. मी नव्या दारातल्या त्या झाडाची जी सेवा केली ना, ती कोणी आपल्या बापाची केली नसन. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. काट्याचं कुंपण, वर गोवऱ्याची राख. सुमन नाही यायची मदतीले. तिची अन् घोषबाबूच्या आईची दोस्ती झाली होती. रोज संध्याकाळी एक बादली भरून ती तिकडे घेऊन जायची. मी मनात म्हणायचो, म्हातारीले पाणी भरून देते, चांगलं आहे.

अन् झाड वाढलं तं असं वाढलं की वर्षभरात माह्या डोक्याच्या वर गेलं. मी मामाजीले लिहिलं. त्याईचं उत्तर आलं, "कडुनिंब इतक्या जल्दी वाढत नाही." मले वाटलं, माही तारीफ करून राहिले. ते पत्र मी सर्वे सेक्शनमध्ये सगळ्याईले दाखवलं.

दुसऱ्या हिवाळ्यात मामाजी रिटायर झाले अन् येतो म्हणून कळवलं. मी सुट्टी काढली. नवीन धोतर आणलं, अंगणात पाणी शिंपडलं. झाडाखाली खाट टाकली, खाटेवर चादर टाकली, अन् पावर हाउस नावाच्या स्टेशनावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली, लोक उतरले, मामाजी नाही. सगळे डबे पाहिले. नंतर समजलं, रेल्वेचा माणूस, तो गार्डाच्या डब्यातून आला, पलीकडच्या बाजूनं रुळावर उतरला अन् पायीच निघून गेला.

मी घरी आलो. खाट रिकामी. दाराले कडी. सुमनही नाही. सडकेवर नजर टाकली तं तीन दारं पुढं, घोषबाबूच्या अंगणासमोर, जमिनीवर पोतं टाकून मामाजी बसले होते. हातात चहा. बाजूले घोषबाबूची आई, अन् सुमन. मध्ये एक लहानसं झाड, छातीएवढं, सावली ताटाएवढी. मामाजी त्याच सावलीत फक्त डोकं ठेवून बसले होते.

मी पाया पडलो. म्हटलं, "मामाजी, इकडे कसे काय बसले?"

"तुम्ही लिहिलं होतं ना, झाड दारात आहे म्हनून. मी झाड पाह्यलं अन् दार वाजवलं."

"नाही नाही, आपलं झाड तिकडे आहे," मी आमच्या दाराकडे बोट दाखवलं. "ते उंच."

मामाजी उठले, सावकाश तिथवर आले. एक पान तोडलं, बोटात चुरलं, वास घेतला.

"हा बकान आहे, जावईबापू. पान निंबासारखं, पन निंब नाही."

मी म्हटलं, "कडुनिंब आहे."

"तीस वर्षं फाटकावर निंबाखाली बसलो. ओळीत कडुनिंब एकच आहे, अन् त्याच्यापासून तुम्ही मले उठवून आनलं."

आता सगळं उजेडात आलं. लावताना मी मैदानाकडून पाचवं मोजलं होतं, अन् घर बदलताना बाजाराकडून पाचवं. बारा घरांच्या ओळीत इकडचं पाचवं म्हणजे तिकडचं आठवं. सर्वे सेक्शनमधला माणूस. तिवारीजीच्या बकाणासाठी मी घर बदललं होतं, फळी दिली होती, अन् सव्वा वर्ष रोज चार बादल्या पाणी घातलं होतं. अन् सुमन रोज संध्याकाळी जी बादली नेत होती, ती म्हातारीसाठी नव्हती.

"तुले माहीत होतं?" मी सुमनले विचारलं.

"बाबाचं झाड मी ओळखणार नाही?"

"मग बोलली कावून नाही?"

"बोलत होती. तुम्ही मोजून राहिले होते. मग तुम्ही अर्ज केला, साहेबाची सही आनली, शिक्का आनला. मी म्हटलं, एवढं सगळं सरकारी झालं, आता झाडाचंच काही चुकलं असन."

घोषबाबूची आई पदर तोंडाले लावून हसत होती. तिले मराठी येत नव्हती, पण एवढं समजत होतं.

मामाजी आठ दिवस राहिले. जेवायले अन् झोपायले आमच्याकडे. बाकी वेळ घोषबाबूच्या दारात, त्या ताटाएवढ्या सावलीत, अन् सुमन त्याईच्या बाजूले बसून तांदूळ निवडायची. इतकी खुश ती मले त्या गावात कधी दिसली नव्हती. मी मात्र बकाणाखाली एकटा बसून राहायचो. सावली भरपूर होती, ते सांगितलं पाहिजे.

जायच्या दिवशी मी सामान उचललं. मामाजी दारात थांबले. बकाणाकडे पाहिलं, पुढं आपल्या झाडाकडे पाहिलं, मग माह्याकडे.

"जावईबापू, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा ना मामाजी."

"माह्या घरी चार पोरी होत्या. तुम्ही तेव्हा पाहून गेले, ती हीच ना?"

मी "हो" म्हणालो. पण जरा थांबून म्हणालो.

सुमननं बापाच्या हातात शिदोरी दिली अन् म्हणाली, "तुम्ही घोर लावून घेऊ नका बाबा. तेव्हा यांची आई संगं होती."